वांगी रंग सुकेपर्यंत

वकीलकाकांच्या गाडीचं दार उघडायच्या आधी टाचणीचं तोंड उघडायचं.

"काका, हळू! भिंतीच्या बाजूनं उतरा!"

"अगं, भिंतीच्या बाजूनं उतरू कसा? या पोटाचं काय करू?"

"पोट आत घ्या. पण दार इकडं उघडू नका."

वकीलकाका कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करायचे म्हणे. पण बिल्डिंगखालच्या गॅरेजमध्ये या काडीएवढ्या पोरीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. बिचारे श्वास धरायचे, बॅग डोक्यावर घ्यायचे, सीटवरून घसरत पलीकडे जायचे आणि भिंतीला पाठ घासत बाहेर पडायचे. बाहेर आले की काळ्या कोटावर चुन्याचा हा एवढा पट्टा.

"झालं समाधान?"

"दार लावताना पण हळू. हवेनं धूळ उडते."

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बारीक, सरळ, आणि जिथे टेकेल तिथे टोचणारी, म्हणून आईनं कधीतरी वैतागून ठेवलेलं. मग ते अख्ख्या बिल्डिंगनं उचललं. शाळा तिनं मध्येच सोडली होती. सोडली म्हणजे, एका दुपारी दप्तर उचलून जी निघाली ती परत गेलीच नाही. फळ्यावर लिहिलेलं तिनं फारसं कधी वाचलं नाही, पण फळा डाव्या कोपऱ्यात फुगलाय हे मात्र पहिल्याच दिवशी भर वर्गात बाईंना सांगितलं होतं. तिचे डोळेच तसले. सगळ्यांना सपाट दिसायचं तिथं तिला फुगवटा दिसायचा, आणि दिसला की तोंडातून निघून जायचं. बाईंना त्याचं कौतुक नव्हतं. डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमधल्या उस्तादांना होतं.

पण कौतुक म्हणजे काय, तर पुट्टी घासायची, पॉलिशपेपर मारायचा, काचांवर आणि दिव्यांवर कागद चिकटवायचे. रंग फवारायची गन खुंटीवर टांगलेली असायची. तिच्याकडे बघायचं, हात लावायचा नाही. गन धरायचे फक्त उस्ताद.

आणि मग आईनं गाडी घेतली.

आई ड्रायव्हर. कंपनीच्या साहेबलोकांना आणायचं, सोडायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या चालवल्या, जन्मभर मागच्या सीटवरून "जरा हळू घ्या" नाहीतर "जरा पळवा" ऐकून घेतलं. आता स्वतःची गाडी घेतली ती जुनी, दोन-तीनदा ठोकलेली, रंगाचे पोपडे सुटलेली. पण इंजिन आईनं कान लावून पारखलं होतं. ती गाडी घेऊन ती थेट वर्कशॉपमध्ये आली आणि उस्तादांना म्हणाली, "ही माझी पोरगी रंगवणार. एकटी. सगळी."

"आणि बिघडवली तर?"

"गाडी माझी, पोरगी माझी. तुमचं काय बिघडतंय?"

उस्तादांनी विडी विझवली. विझवायला बराच वेळ लावला. मग म्हणाले, "कुठला रंग?"

"पांढरा सोडून कुठलाही," आई म्हणाली. टाचणीनं निवडला वांगी. असा गडद की सावलीत काळा वाटावा आणि उन्हात गेला की आतून जांभळा पेटावा. उस्तादांनी तोंड वाकडं केलं. वांगी रंग लबाडी खपवून घेत नाही. त्यात केसाएवढा ओरखडासुद्धा ओरडून सांगतो. पण तिनं तोच मारला, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट मारला, आणि गाडी रंगाच्या बूथमधून बाहेर निघाली तेव्हा शेजारचा टायरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. आपल्याच रंगात आपलं तोंड बघताना टाचणीला छातीत असं काही झालं की ती पटकन मागे फिरली आणि उगाच बादली धुवायला लागली.

"शाबासकी लगेच नाही," उस्ताद म्हणाले. "रंग मारणं हे अर्धं काम. महिनाभर तो आतून कच्चा असतो. या महिन्यात त्याला जपणं हे उरलेलं अर्धं. आणि कव्हर घालायचं नाही, ऐकतेस ना? कच्चा रंग श्वास घेतो. झाकलास की गुदमरला. महिन्यानं माझ्याकडे आण, ट्यूबलाइटखाली बघतो. पास झालीस तर गन तुझी. नाहीतर परत पेपर मारायला बस."

आता वर्कशॉपमध्ये उभी करायला जागा नाही. गाडी आली बिल्डिंगच्या गॅरेजमध्ये.

हे गॅरेज सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एक. बांधणाऱ्यानं बहुतेक सायकली डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं. खांब नको तिथे, छतावर पाइप, आणि छताची बारीक राखाडी भुकटी रात्रंदिवस खाली पडत असलेली. जागा इतकी कमी की गाड्या एकापुढे एक लावायच्या, आणि म्हणून तिथली जुनी रीत अशी: गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक ओढायचा नाही. ज्याला बाहेर निघायचंय त्यानं पुढची गाडी हातानं ढकलायची, आपली काढायची, निघून जायचं. पिढ्यान्‌पिढ्या सगळे एकमेकांच्या गाड्यांना असेच हात लावत आले होते. कुणाच्या गाडीवर कुणाचे पंजे, याचा कुणी कधी विचारच केला नव्हता.

टाचणीनं पहिल्याच दिवशी गाडीच्या मागच्या कडीला जाड दोर बांधला. "हलवायची असेल तर दोरानं ओढा. अंगाला हात लावायचा नाही."

"म्हैस आहे का ती?" नर्सताईनं विचारलं. ती वरच्या मजल्यावरची, ड्युटीवर जाताना नेहमी घाईत.

"म्हैस परवडली. म्हशीला ओरखडा पडत नाही."

मग तिनं खांबाला जुनी गादी गुंडाळली. भिंतीला सायकलच्या ट्यूबा कापून ठोकल्या. छताला दोरीनं एक चेंडू टांगला, काचेला टेकला की आईनं थांबायचं. आणि धूळ! कच्च्या रंगावर फडकं मारायची सोय नाही, धुळीचा कणच रंगाला कापतो. म्हणून रोज सकाळी ती आईचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन खाली उतरायची, लांबलचक वायर जिन्यातून सोडायची आणि थंड हवेनं धूळ फुंकून काढायची.

"वांग्याचे केस वाळले का गं?" वॉचमनमामा गेटवरून ओरडायचे.

हे वांगं नाव त्यांनीच पाडलेलं. टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "वांगं नाही म्हणायचं, मामा! रंग वांगी आहे, गाडी नाही!"

"बरं, बरं. पण एवढा जीव आहे तिच्यावर तर कव्हर का घालत नाहीस?"

खरं तर हे सांगण्याची हीच वेळ होती. मामांनी सरळ विचारलं होतं, तिनं सरळ सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात कुणाचा तरी चेंडू गॅरेजच्या उतारावरून टपटप येत होता, तिचं अर्धं लक्ष तिकडे, आणि डोकं आधीच फिरलेलं. "मामा, तुम्ही गेट सांभाळा हो. गाडीचं मी बघते," म्हणून ती चेंडूमागे धावली.

आईची वेगळीच तऱ्हा. कामावरून आली की वर जायच्या आधी गाडीपाशी थांबायची. पर्स खांद्याला, चपलेतून एक पाय काढलेला, नुसती बघत उभी. एकदा वकीलकाकू भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारी येऊन थांबल्या तर आई म्हणाली, "पोरीनं केलंय." एवढंच. पण ते ज्या आवाजात म्हणाली तो आवाज टाचणीनं खांबामागून ऐकला, आणि त्या दिवशी ती कुणावरच ओरडली नाही.

महिना निम्मा सरला होता. गाडीवर एक टवका नाही, एक रेघ नाही. टाचणी वर्कशॉपमध्ये पेपर मारता मारता खुंटीवरच्या गनकडे बघायची आणि मनातल्या मनात तिची मूठ धरायची.

त्या दिवशी गॅरेजच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये नव्या बिऱ्हाडानं फरश्या फोडायला काढल्या. आई कामावर, टाचणी वर्कशॉपमध्ये. वर घण बसायला लागले तसे खाली छताचे पापुद्रे सुटायला लागले. आधी भुकटी, मग खडे, मग तळव्याएवढी ढेकळं. वर ओतलेलं पाणी पाइपाच्या कडेनं ठिबकायला लागलं. वकीलकाका नेमके खाली आले होते. त्यांनी वर बघितलं, वांगी गाडीकडे बघितलं, आणि कोट काढून ओरडले, "मामा, धावा! पोरगी जीव देईल!"

संध्याकाळी टाचणी उतारावरून खाली आली तेव्हा तिला आधी दिसली ती माणसं. वकीलकाका, वकीलकाकू, नर्सताई, वॉचमनमामा, सगळे ओळीनं उभे, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. वकीलकाकांच्या केसात सिमेंट. आणि त्यांच्यामागे गाडीच्या जागी एक भलंमोठं निळं प्लास्टिक, त्यावर पाणी, माती, खडे.

"बघ!" काका म्हणाले. "एक खडा लागू दिला नाही. आधी काकूची क्रोशाची चादर घातली, मऊ असावी म्हणून. वरून प्लास्टिक, पाणी जाऊ नये म्हणून. कडा दोरीनं बांधून टाकल्या, वारा शिरायला जागा ठेवली नाही."

टाचणी प्लास्टिकपाशी गेली.

"कधी घातलं?"

"सकाळीच. तू गेलीस, लगेच."

तिनं दोऱ्या सोडल्या. प्लास्टिक गुंडाळलं. खालून गरम, कोंदट वाफ आली, ताज्या रंगाच्या वासाची. मग चादरीचं टोक धरलं आणि अगदी हळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी उचलली. बॉनेटवर ती थोडी चिकटली होती. सुटताना बारीक चर्रर्र असा आवाज आला.

बॉनेटवर फुलं होती. काकूंनी सुईनं विणलेलं एकूण एक फूल, पाकळ्यांसकट, देठांसकट, रंगात उमटलेलं. शिक्का मारावा तसं. छपरावर नाही, दारांवर नाही, तिथं चादरीवर भार नव्हता. बॉनेटवर मात्र मातीचा सगळा भार बसलेला.

"नक्षी सुरेख उठलीय मात्र," वॉचमनमामा कौतुकानं म्हणाले.

आणि टाचणी फुटली. काय काय बोलली ते तिचं तिलाही नंतर आठवलं नाही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला, कशाला हात लावता दुसऱ्याच्या गाडीला, अक्कल आहे का, म्हातारे झालात तरी... इथपर्यंत. काकूंचं तोंड एवढंसं झालं. नर्सताईनं मान खाली घातली. आवाज गॅरेजभर घुमला आणि मग एकदम थांबला, कारण तिला दम लागला होता.

वकीलकाका रागावले असते तर बरं झालं असतं. ते केसातलं सिमेंट झटकत हळूच म्हणाले, "पोरी, तू रोज सांगितलंस काय करू नका. दार उघडू नका, हात लावू नका, धूळ उडवू नका. झाकू नका, हे कधी सांगितलंस? आम्हाला काय कळणार रंगाचं?"

तिला मामांनी विचारलेलं आठवलं. चेंडू आठवला.

तेवढ्यात प्लास्टिकच्या घडीतून काहीतरी खाली पडून फुटलं. तळव्याएवढं ढेकूळ, काँक्रीटचं, एका बाजूनं धारदार. तिनं वर बघितलं. छतात त्याच आकाराचा खड्डा होता, बरोबर बॉनेटच्या डोक्यावर. हे नुसत्या पत्र्यावर पडलं असतं तर रंगच काय, पत्राच आत गेला असता. चेपलेला पत्रा बाहेर काढणं तिला अजून येत नव्हतं.

रंग येत होता.

आई मागे कधी येऊन उभी राहिली कुणालाच कळलं नाही. तिनं फुलांकडे बघितलं, ढेकळाकडे बघितलं, सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. टाचणीला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल, आणि काहीही बोलली तरी आपण रडणार.

"रंग कोणी मारला होता?" आईनं विचारलं.

"मी."

"मग नीट करायला दुसरं कोण येणार आहे?" आणि काकूंना म्हणाली, "वहिनी, चादर धुवायला द्या माझ्याकडे. चहा टाकते, वर चला सगळे."

त्या रात्री टाचणीनं उस्तादांना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. लपवायचं नव्हतं. पण आधी हातानं बोलायचं होतं, मग तोंडानं.

लगेच काही करता येत नव्हतं. मऊ रंगावर पेपर चालत नाही, चोळामोळा होतो. रंग आतपर्यंत पक्का व्हायलाच हवा, तोवर ती फुलं रोज बघायची. हे बघणं फार वाईट होतं. ड्रायर घेऊन खाली यायचं, धूळ फुंकायची, की खालून फुलं हसत वर. पण एक झालं. दुसऱ्या दिवशी तिनं गॅरेजमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. आधी काकूंना म्हणाली, "काकू, चुकलं माझं. तुमच्यावर ओरडायला नको होतं." मग रंग कसा सुकतो ते सांगितलं, कच्चा म्हणजे काय, श्वास घेणं म्हणजे काय, आणि आता काय करायचंय. सगळे मन लावून ऐकत होते. शाळेत तिचं असं कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे वरचा थर काचेसारखा पारदर्शक," वकीलकाकांनी उलटतपासणी घेतली. "त्याच्या खाली वांगी. तू वरचाच घासणार."

"हो. फुलं वरच्याच थरात आहेत. पाणी टाकत टाकत घासायचं. पाणी दुधासारखं पांढरं निघतंय तोवर ठीक. पाणी वांगी झालं की वरचा थर फाटला."

"मग?"

"मग संपलं, काका. मग परत बूथ, परत रंग. आणि गन गेली."

उस्तादांकडे जायच्या आदल्या सुट्टीच्या सकाळी गॅरेज रिकामं झालं. तिनं सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपणहून गाडी रस्त्यावर नेऊन लावली. वॉचमनमामांनी जमीन ओली करून ठेवली होती, धूळ बसावी म्हणून. नर्सताई ड्युटीवरून आलेली, झोपायचं सोडून हातात ट्यूबलाइट धरून उभी. काकूंनी घरातली लांब चोचीची किटली आणली होती. "धार हवी ना बारीक? हिच्याएवढी बारीक धार कुठं नाही पडत."

टाचणीनं बॉनेटच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला थर पातळ असतो आणि फाटतो तो तिथेच. सगळ्यात बारीक वॉटरपेपर रात्रभर पाण्यात भिजवून ठेवला होता. तो तिनं रबराच्या ठोकळ्याला गुंडाळला, आणि बॉनेटवर टेकवायच्या आधी क्षणभर थांबली. आपल्याच हातानं मारलेली चमक आपल्याच हातानं मारायची होती.

सर्र. सर्र. एकाच दिशेनं, जोर न देता. काकूंची धार पडत होती. पाणी पांढरं आलं. चमकती बॉनेट धुक्यासारखी आंधळी होत गेली. पाकळ्या आधी पुसट झाल्या, मग नुसती वर्तुळं राहिली. खांदा भरून आला तसा तिनं हात बदलला. वकीलकाका गुडघ्यांवर हात ठेवून, नाक बॉनेटपासून वीतभर अंतरावर आणून पाण्याकडे बघत होते. हे काम त्यांनी स्वतःच घेतलं होतं.

"वांगी!" ते एकदम किंचाळले. "वांगी आलं! थांब!"

टाचणीच्या हातातला ठोकळाच सुटला. काकूंची किटली वाकडी होऊन पाणी नर्सताईच्या पायावर. टाचणीनं बोटानं तो ओघळ उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला. बोटावर दूध होतं, स्वच्छ पांढरं.

"काका, पाण्याखालची गाडी दिसतेय तुम्हाला. गाडी वांगीच आहे."

"अं? हां. हो की."

"कोर्टात पण असंच करता का हो?" नर्सताई म्हणाली, आणि मग जे हसू सुटलं ते वॉचमनमामांना खाली बसवूनच थांबलं. टाचणी पण हसली. मग ठोकळा उचलून परत घासायला लागली.

शेवटचं फूल गेलं तेव्हा ऊन उतारावरून आत आलं होतं. मग कंपाउंडची पेस्ट लावून पॉलिश. वर्कशॉपचं मशीन मागितलं असतं तर कशाला ते सांगावं लागलं असतं, म्हणून हातानंच. गोल, गोल, गोल. धुकं विरत गेलं आणि खालून हळूहळू छत वर आलं, पाइप, टांगलेला चेंडू, ट्यूबलाइट, आणि वाकून बघणारे पाच चेहरे.

काकूंनी स्वतःचा चेहरा बघून केस सारखे केले. "अगंबाई," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं गाडी बाहेर काढली तेव्हा वॉचमनमामांनी गेटची दोन्ही दारं उघडली, जी ते साहेबलोकांच्या गाड्यांसाठीही उघडत नसत.

वर्कशॉपमध्ये उस्तादांनी शटर अर्धं ओढून घेतलं आणि हातात ट्यूबलाइट घेऊन गाडीभोवती फिरायला लागले. छप्पर. डिकी. डावी दारं, उजवी दारं. रंगात ट्यूबचं प्रतिबिंब त्यांच्याबरोबर चालत होतं. दारांवर त्याच्या कडा किंचित, अगदी किंचित, संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत दिसायच्या. गनच्या रंगाला तेवढं असतंच, भल्याभल्यांच्या कामात असतं. उस्ताद पुढे सरकले. मग ते बॉनेटपाशी आले आणि थांबले.

ट्यूब पुढे नेली. मागे आणली. खाली वाकले. चष्मा काढला, पुसला, लावला. बॉनेटमधली ट्यूब सुरीनं कापल्यासारखी सरळ होती.

"काय केलंस हिला?"

टाचणीनं एका दमात सगळं सांगितलं. फरश्या, चादर, फुलं, पेपर, किटली. आपण मामांना उत्तर दिलं नाही तेही सांगितलं. "पण काकांवर जाऊ नका, उस्ताद. त्यांनी पत्रा वाचवला."

उस्तादांनी बॉनेटच्या कडेवरून, जिथे थर फाटतो तिथून, अंगठा फिरवला. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग उलटा.

"दारं अशी का नाहीत?"

"दारं... दारं चांगली आहेत ना."

"बॉनेट बघायच्या आधी चांगली होती," उस्ताद म्हणाले.

टाचणीच्या डोक्यात भांडण तयार झालं होतं, ते तिथंच अडकलं. कारण तिनं दारांकडे बघितलं आणि तिलाही दिसलं. आता ते दिसायचं थांबणार नव्हतं.

उस्ताद खुंटीकडे गेले. गन काढली, फडक्यानं मूठ पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. बघून वाटायची त्यापेक्षा ती जड होती. "दारं घासून आण. मग हिची नळी कशी साफ करायची ते दाखवतो. रंग मारून झाला की लगेच साफ करायची, चहा प्यायच्या आधी. ते विसरलीस तर गन खुंटीवर परत."

"नाही विसरणार."

"आणि ते किटलीवालं कुणाला सांगू नकोस. सगळे किटल्या घेऊन यायला लागतील."

आई बाहेर आरशावरची नसलेली धूळ पुसत होती. टाचणी गन घेऊन दारात आली तरी तिनं वर बघितलं नाही. आरसा पुसतच राहिली. पण आरशात तिचा चेहरा दिसत होता, आणि टाचणीचे डोळे तुम्हाला माहीतच आहेत.

संध्याकाळी गॅरेजमध्ये सगळे वाट बघत होते.

"काय झालं?" वकीलकाकांनी उतारावरच गाठलं.

"दारं घासायचीयेत."

"म्हणजे नापास?"

"म्हणजे गन मिळाली!"

काकांनी आनंदानं हात वर केले, बॉनेटवर थाप मारायला खाली आणले आणि अर्ध्यात हवेतच थांबवले. टाचणीनं त्यांचं मनगट धरलं आणि तळवा स्वतःच बॉनेटवर टेकवला. "लावा हो. पक्का झालाय आता."

काका जरा वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले. "थंड आहे," ते म्हणाले. मग बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालातरी, ओळख ना पाळख, हाक मारून म्हणाले, "ओ, बघता काय? आमच्या गॅरेजमधलं वांगं आहे हे!"

टाचणीनं हसून मान डोलावली. वांगं तर वांगं.

दुसऱ्या दिवशी ती बादली आणि पेपर घेऊन दारांशी बसली होती तेव्हा काकांची गाडी शेजारी येऊन लागली. "काका," ती म्हणाली, "आता इकडून उतरलात तरी चालेल. मी आहे, दार धरते."

काकांनी वांगी दाराकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं, बॅग डोक्यावर घेतली आणि भिंतीच्या बाजूनं घसरायला लागले. "नको, नको. उगाच कशाला."

ते पाठीवर चुन्याचा पट्टा घेऊन बाहेर आले, तोवर टाचणीचे डोळे त्यांच्या गाडीवरून फिरून आले होते. दाराच्या कडेचा रंग गेलेला, मागचा कोपरा चेपलेला, आणि टपावर कुणीतरी फार पूर्वी फडकं मारून केलेल्या जाळीसारख्या रेघा.

"काका, ही कधी आणताय माझ्याकडे? पांढराच ठेवायचा, की बदलायचा?"

वकीलकाकांनी कोट झटकला, गाडीकडे नीट बघितलं, बहुतेक कित्येक वर्षांनी.

"तूच ठरव," ते म्हणाले. "या पोटाला शोभेल असा बघ म्हणजे झालं."